सविनय ईमेल

इंटरनेट गोंदियात आलं, तेव्हा त्याला चार माणसांत कसं वागावं हे शिकवायची जबाबदारी अख्ख्या पृथ्वीवर एकाच माणसाने अंगावर घेतली होती, आणि तो माणूस माझ्या शेजारच्या गाळ्यात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत होता. बाकीच्या जगाने ईमेल म्हणजे झटपट निरोप असं धरलं आणि तोंडाला येईल ते लिहायला सुरुवात केली. आमच्या टायपिंगवाल्या सरांच्या लेखी मात्र ईमेल हे पत्रच होतं, फक्त पोस्टमनचे पाय वाचवणारं. पत्र म्हटलं की वर विषय हवा, संदर्भ हवा, खाली ‘आपला विश्वासू’ हवं आणि त्याखाली सहीसाठी चार ओळींची मोकळी जागा हवी. ‘सही कुठे करणार सर, ही तर काच आहे,’ असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. ‘सही हो ना हो, जागा ठेवा लागते बाई,’ ते म्हणाले. ‘समोरच्याले वाटलं पाहिजे का याले घाई नाही.’

इथे एक कबूल केलेलं बरं. सरांची इन्स्टिट्यूट मीच बंद पाडली. टायपिंग मी त्यांच्याकडेच शिकले होते. तेव्हा मी ‘ए पोरी’ होते आणि बोटं चुकली की लाकडी पट्टी टेबलावर आपटायची. बाबा रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा त्यांनी माझ्या हट्टापायी रेलटोलीतला तो शेजारचा गाळा घेऊन दिला. मी त्यात तीन कॉम्प्युटर मांडले, टेलिफोनची लाइन ओढली आणि दारावर ‘सायबर कॅफे’ असं रंगवून घेतलं. दोन वर्षांत भिंतीपलीकडची सोळा टाइपरायटरांची टकटक थांबली. दुसरा कोणी असता तर त्याने माझं तोंड पाहिलं नसतं. सर एका दुपारी स्वतःचं स्टूल हातात घेऊन आले, ‘जयभीम’ म्हणाले, आणि म्हणाले, ‘एखादं मशीन रिकामं असन तर बसतो बाई.’ कॅफे उघडल्यापासून मला ‘बाई’ अशी बढती मिळाली होती. ते तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसले आणि पुढची कितीतरी वर्षं उठलेच नाहीत.

त्यांचं बसणं सोपं नव्हतं. आयुष्यभर लोखंडाशी झुंजलेली बोटं त्या प्लॅस्टिकच्या कीबोर्डवर अशी काही आदळत की रस्त्यावरून जाणाऱ्याला आत कोणी खलबत्त्यात काहीतरी कुटतंय असं वाटावं. दर चार-सहा महिन्यांनी एक कीबोर्ड धारातीर्थी पडे. आधी ‘ई’ जायचं, मग ‘ए’, आणि सर मला दोष द्यायचे, ‘काऊन असे कमजोर मशीन आणता वो तुम्ही?’ शिवाय ओळ संपली की त्यांचा डावा हात आपसूक उचलला जाई आणि टाइपरायटरचा नसलेला दांडा उजवीकडे ढकलून येई. त्या हाताचं कोपर दोन नंबरच्या गिऱ्हाइकाच्या कानशिलाजवळून जायचं. बिरसीच्या विमानाच्या शाळेत शिकायला आलेला एक पंजाबी मुलगा आईला पत्र लिहिताना असा फटका खाऊन खुर्चीवरून पडला होता. सरांनी त्याची रीतसर माफी मागितली. लेखी. बाजूच्याच कॉम्प्युटरवरून त्याला ईमेल करून.

‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी हे साऱ्या रेलटोलीत फक्त सरांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. पण ‘बीसीसी’ म्हणजे काय हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. एकाला पत्र लिहायचं आणि त्याला न कळू देता तेच दुसऱ्याला दाखवायचं? ‘हे तर पडद्यामागून कान लावणं झालं,’ म्हणाले, आणि त्या रकान्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. कॅफेच्या आयडीवर आलेल्या प्रत्येक ईमेलला उत्तर द्यायचं हाही त्यांचा नेम होता. परदेशातल्या कुठल्याशा विधवेचं पत्र आलं की नवऱ्यामागे अफाट संपत्ती आहे, ती तुमच्या नावावर करायची आहे, तुमचा पत्ता कळवा. तसली पत्रं आम्ही वाचायच्या आधीच उडवायचो. सरांनी त्या बाईला तीन परिच्छेदांचं सांत्वनपत्र धाडलं, संपत्तीची आपल्याला गरज नाही असं नम्रपणे कळवलं आणि मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्याचा सल्ला दिला. त्या बाईचं पुन्हा पत्र आलं नाही. ‘सावरली असन बिचारी,’ सर म्हणाले.

एवढ्या विक्षिप्तपणावर कोणाचं पोट भरलं नसतं, पण गोंदियात राईस मिल आहेत म्हणून सरांचं भरलं. तोवर तांदळाचा धंदा फोनवर ओरडून चाले. मग बाहेरचे व्यापारी ईमेल मागू लागले: भाव लिहून पाठवा, दाण्याचा तपशील पाठवा, गाडी निघाली की कळवा. मिलवाल्यांकडे तांदूळ होता, इंग्रजी नव्हतं. ते माझ्या कॅफेत यायचे, सरांच्या मागे उभे राहून हिंदीत बोलायचे आणि सर ते इंग्रजीत लिहायचे. लिहायचे म्हणजे काय, आंघोळ घालून, पावडर लावून, इस्त्रीचे कपडे चढवून बाहेर पाठवायचे.

त्यातले एक शेठ तर तोंडाने फारच सैल. शिवी हे त्यांचं विरामचिन्ह होतं. त्यांचा कालिकतच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याशी उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा व्यवहार जमला होता, एकमेकांना न पाहता, सगळा सरांच्या बोटांतून. शेठ सांगायचे, ‘लिखो मास्टर, लेना है तो लो, नहीं तो दूसरा घर देखो.’ सर मान डोलवायचे आणि वीस मिनिटं टाइप करायचे. ‘इतना लंबा? मैंने तो एक लाइन बोला था!’ ‘अंग्रेजी में जगह ज्यादा लगती है, शेठजी.’

एकदा कालिकतहून तक्रार आली की तांदळात कणी फार आहे. शेठ उसळले. ‘चावल है, मोती थोड़ी है! टूटेगा नहीं तो क्या करेगा? लिखो उसको, ज्यादा दिमाग मत खाओ.’ सर दवनीवाड्याचे, धानाच्या बांधावर वाढलेले. त्यांनी लिहिलं: आपलं निरीक्षण अचूक आहे आणि त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. उकडलेला धान घाईने वाळवला की दाणा तडकतो. यापुढे आमचा धान सावलीत, धीराने वाळेल, ही माझी व्यक्तिगत हमी समजावी. मी पडद्यावर वाचलं आणि म्हटलं, ‘सर, हे शेठ कधी म्हणाले?’

‘म्हणाले नाही. पण म्हणाले पाहिजे होते का नाही?’

मग थोडं थांबून त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांनी एकदा जमिनीच्या एका कागदावर अंगठा उमटवला होता. आत काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याने सांगितलं नव्हतं, आणि वडिलांना विचारायची हिंमत झाली नव्हती. ‘तवापासून मले वाटते बाई, लिहिणाऱ्यानं चांगलंच लिहावं. वाचणाऱ्याचं भलं होईन असं.’ एवढं बोलून कीबोर्डवर पुन्हा कुटणं सुरू.

आठवड्याभराने कालिकतहून उत्तर आलं. आपल्यासारखा सज्जन व्यापारी मी साऱ्या आयुष्यात पाहिला नाही. धीराने वाळणारा तो धान डोळ्यांनी पाहावा अशी इच्छा आहे. नागपूरला गाडी बदलून गुरुवारी गोंदियात उतरतो.

सरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पत्र तेच होतं.

‘बाई, मी मेलो.’

‘शेठला सांगून टाका ना सर, अजून दोन दिवस आहेत.’

‘काय सांगू? का मी तुमाले दोन वर्षांपासून सज्जन बनवून राहिलो म्हणून?’

सांगायला ते दोनदा मिलपर्यंत सायकलने गेले आणि दोनदा फाटकावरून परत आले. धाकधूक मलाही होती. शेठ बिघडले तर सरांचं काम जाणार होतं, आणि त्यांच्या ओळखीचे बाकी मिलवालेही माझ्या पायरीवर पुन्हा चढणार नव्हते.

गुरुवारी म्हातारा थेट माझ्याच दारात रिक्षातून उतरला, कारण सर प्रत्येक पत्राखाली कॅफेचाच पत्ता घालत. कमरेला पांढरी मुंडू, वर पांढरा शर्ट, काखेत फाईल. त्याने एकदा आत नजर फिरवली आणि इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, असे उभे असलेले सर पाहून त्यांच्यासमोर हात जोडले. ‘शेठजी!’ म्हणाला, अगदी भरल्या आवाजाने. त्या क्षणी सर गप्प राहिले असते तरी घटकाभर निभावलं असतं. पण त्यांनी हात जोडले आणि स्वच्छ सांगितलं, ‘सर, आय अ‍ॅम ओन्ली द टायपिस्ट.’ आणि नेमके तेव्हाच खरे शेठ, मोबाइलवर कोणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करत, पायरी चढून आत आले.

पुढचा गोंधळ निस्तरायला बराच वेळ लागला. म्हाताऱ्याचं हिंदी जेमतेम, शेठचं इंग्रजी शून्य. एवढं मात्र शेठना कळलं की आपल्या नावाने काहीतरी भलतंच छापलं गेलंय. ‘मास्टर! मेरे नाम पे क्या-क्या बोल दिया तुमने?’ गाळ्याची काच थरथरली. सरांनी म्हाताऱ्याच्या हातातली फाईल मागून घेतली, पहिलं पत्र काढलं आणि उभ्याउभ्या हिंदीत वाचायला लागले. म्हाताऱ्याने सगळी पत्रं छापून, तारखेप्रमाणे लावून ठेवली होती. आजारपणाची विचारपूस करणारं पत्र. गाडी उशिरा पोहोचेल म्हणून आधीच दिलगिरी. ओणमच्या शुभेच्छा. तिसऱ्या पत्राला शेठ भिंतीला टेकले. पाचव्याला खुर्चीवर बसले.

‘ये मैंने लिखा?’

‘आपके नाम से गया, शेठजी.’

शेठचा आवाज एकदम खाली आला. ‘और सुनाओ.’

सगळी फाईल संपेपर्यंत त्यांनी एकही शिवी दिली नाही. शेवटी मला म्हणाले, ‘मॅडम, चाय मँगवाओ,’ आणि म्हाताऱ्याला म्हणाले, ‘आप बैठिए.’ या माणसाने कोणाला ‘आप’ म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चहा पिता पिता पुन्हा, ‘मास्टर, वो धीरज वाला एक बार फिर पढ़ो.’ आपण इतके चांगले आहोत हे त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. मग शेठच्या गाडीतून आम्ही चौघं मिलमध्ये गेलो. अंगणात भर उन्हात धान पसरलेला होता. शेठ गाडीतून उतरले, छाती फुगवली आणि मजुरांवर गरजले, ‘धीरज से सुखाओ, सालों! छाँव में!’ म्हाताऱ्याला शब्द कळले नाहीत. पण मजूर ताडपत्र्या आणायला पळाले ते त्याने पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

व्यवहार तुटला नाही, उलट वाढला. कणीही कमी झाली. कालिकतच्या पत्रांत खाली आता एक जादा ओळ येऊ लागली, टायपिस्ट महाशयांना माझा नमस्कार. शेठ ती ओळ ऐकून थोडे रुसायचे.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले. शेठ तळहातावर तांदूळ घेऊन फोटो काढू लागले आणि कालिकतला धाडू लागले. तिकडून अंगठा यायचा, इकडून ‘ओके भेजो’ जायचं, गाडी सुटायची. मागे दोन-दोन दिवस पत्रं लिहून जे ठरायचं ते आता पान खाता खाता ठरू लागलं, आणि खरं सांगायचं तर तांदूळ तितकाच वेळेवर पोहोचत होता. एकदा शेठनी कौतुकाने तो फोन सरांपुढे धरला. सरांनी ‘ओके भेजो’ वाचलं आणि म्हणाले, ‘क्रियापद है. अच्छा है.’ माझ्या कॅफेत फॉर्म भरणं आणि झेरॉक्स एवढंच उरलं. सर तरी यायचे. पेपर वाचायचे. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा राहिला होता.

एका सकाळी कॅफेच्या जुन्या आयडीवर कालिकतहून ईमेल आली. म्हाताऱ्याच्या मुलीची. वडील गेले, झोपेतच. फाईल त्यांच्या उशाशी होती. ज्यांनी ही पत्रं लिहिली त्यांना कळवावं असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, पण नाव त्यांनाही माहीत नव्हतं. मी वाचून दाखवलं. सर बराच वेळ पेपरच्या घडीवर बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘उत्तर लिहा लागन. कोणाच्या नावानं पाठवू?’

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत या माणसाने साऱ्या गोंदियाची पत्रं लिहिली आणि त्याचा स्वतःचा आयडी नव्हता. मी लगेच काढायला बसले. पडद्यावर नावाचा रकाना आला. त्यांनी दवाखान्यात विचारल्यासारखं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग मला उठवून स्वतः बसले. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा खोडल्या. शेवटी जे गेलं त्यात ना विषय होता, ना संदर्भ. एवढंच होतं की तुमचे वडील माझे मित्र होते, आम्ही एकदाच भेटलो.

दुपारी उत्तर आलं. थँक यू अंकल. बाकी काही नाही. सरांनी मला अक्षरं मोठी करायला सांगितली, मग आणखी मोठी.

‘अंकल,’ ते हळूच म्हणाले. ‘असं कोणत्याच फॉर्मॅटमध्ये नाही बसत ना वो.’

मी म्हटलं, ‘नाही बसत सर.’

‘राहू द्या तसंच,’ ते म्हणाले, आणि एका डोळ्याने त्या तीन शब्दांकडे पाहत बसून राहिले. फॉर्म भरायला आलेली माणसं दारात उभी होती. मी त्यांना थोड्या वेळाने या म्हटलं.