यंत्र सुरू असताना नाव घ्यायचं नाही

मिरची कांडपाच्या खोलीत आढ्याला जो लाल धुरळा बसतो, तो झाडूनं कधी पुरता निघत नाही. वर्षभर गप्प असतो, आणि एखादी जोरात शिंकली की सगळा अंगावर. आमच्याकडचे किस्से तसेच. परवा कुणीतरी विम्याचा विषय काढला आणि सगळे एकदम माझ्या अंगावर आले. हसू आलं तर हसा.

मानोरा गावात माझा मसाल्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक कांडप यंत्र आणि सहा बायका. शाळा मी बाहेरूनच पाहिली. वाचायला शिकले ती पुड्या बांधायच्या रद्दीवर. त्यामुळे "आजी, तुम्ही फक्त सही करा" असं कुणी म्हटलं की माझं टाळकं फिरतं.

विमा एजंट प्रकाश जवळच्या इंझोरी गावचा. छोट्या कारखान्याला सगळ्यांची मिळून एक पॉलिसी मिळते, पण माणसं निदान सात हवीत, असं तो सांगायचा. बायका सहा. सातवी मी, आणि मी वयात बसत नव्हते. पुढं एक दिवस तो पळतच आला.

"आजी, वयाची अट वरून काढून टाकली. आता तुमी सातव्या!"

मी म्हटलं, "अट काढली रे, वय कोण काढून देते?"

पण सहाही जणी माझ्याकडं अशा पाहत होत्या की मी माझं नाव लिहायला सांगितलं. माझ्या म्हातारपणावर सहा जणींचा दवाखाना टेकला होता.

*

प्रकाशनं कांडपाच्या खोलीतच विचारायला सुरुवात केली, कोणाला काय आजार आहे.

आता आमच्यात एक रीत आहे. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, तसं यंत्र सुरू असताना दुखण्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते ऐकतं, आणि येतं. आणि यंत्र तर धडधडत होतं. कोणी बोलेना.

"म्हणजे सगळ्या ठणठणीत?" तो म्हणाला.

माना हलल्या. तांड्यावरची जमुना, जिची शुगर अख्ख्या तांड्याला ठाऊक, तिची मान सगळ्यांत जोरात हलली. फक्त सिंधूनं मान हलवली नाही, खाली घातली. ते मी पाहिलं.

पुढं पॉलिसीचं पुस्तक हाती आलं, ते मी भिंग घेऊन वाचलं. आजार लपवला तर क्लेम नामंजूर, असं चक्क छापलेलं. प्रकाशला धरलं. तो म्हणाला, "खरं सांगाल तं कंपनी त्या बाईले घेईल का नाई, सांगता येत नाई. अन एक गळली का तुमी सहा. मंग कोणालेच नाई."

म्हणजे एकीनं लपवलं तर ती बुडणार, एकीनं सांगितलं तर सगळ्या. कुठंही पाय ठेवा, चिखलच. मी पुस्तक मिटलं आणि सगळं तसंच राहू दिलं.

*

पहिला महिना अपघाताशिवाय काही मिळत नाही, हा नियम बायकांना कळला आणि त्यांनी त्याचं व्रतच करून टाकलं. महिनाभर आजारी पडायचं नाही. जमुना पोहरादेवीला जाऊन आली. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, "म्या म्हटलं, माय, द्यायचंच असन तं पुढच्या महिन्यात दे."

शांताला नेमका तेव्हाच ताप भरला. अंगाला हात लावला तर तवा. दवाखान्यात चल म्हटलं तर खांबाला मिठी मारून बसली.

"मी आजारी नाई, आजी. मी महिना भरून राह्यली."

सगळ्या हसलो. मग ती धण्याच्या पोत्यावर आडवी झाली आणि हाका मारल्या तरी उठेना. तेव्हा कोणी हसलं नाही. उचलून दवाखान्यात नेली, तेव्हा कुठं शुद्धीवर आली.

*

विम्याची कार्डं आली. इंदूनं तिचं कार्ड हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवलं, वर रोज उदबत्ती. पुढं ती मोरीत घसरून पडली, मनगट मोडलं. दवाखान्यातल्या पोरीनं कार्ड हातात घेतलं तर फोटो पिवळाजर्द, आणि तोंडाच्या जागी उदबत्तीचं भोक.

"मावशी, यात तुम्ही कुठं आहात?"

इंदू कण्हत म्हणाली, "देव रोज पाह्यते मले त्याच्यात. तुलेच काहून दिसत नाई?"

नंबर शाबूत होता म्हणून निभावलं.

*

जमुनाच्या पायाला जखम झाली, ती चिघळत गेली. तिला घेऊन अकोल्याला गेले. डॉक्टरांनी विचारलं, शुगर कधीपासून? जमुनानं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं.

"तुमी आत्ताच सांगतलं, तं आत्तापासूनच," ती म्हणाली.

मग त्यांनी विचारलं, घरी काही गोळ्या चालू आहेत का? आणि जमुनानं कमरेच्या पिशवीतून निम्मी संपलेली शुगरच्या गोळ्यांची पट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. नाव घ्यायचं नव्हतं. दाखवायचं नाही असं कुठं कोणी म्हटलं होतं?

क्लेम नामंजूर झाला. पायाची दोन बोटं गेली. लंगडत परत कामावर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "म्या नाव नाई घेतलं, आजी. तरी आलं."

त्या दिवसापासून माझं लक्ष सिंधूवरून हलेना. ती आमच्यातली सगळ्यांत चपळ, पण डावा हात अंगाशी धरून एका हातानं चाळणी हलवू लागली होती. विचारलं तर म्हणे, आखडला. मी तहसीलदाराला भीत नाही. पण तिला दुसऱ्यांदा विचारायचं धाडस मला झालं नाही.

*

पॉलिसी पुन्हा भरायची वेळ आली. मी भर दुपारी, कामाच्या दिवशी, यंत्र बंद केलं. असं मी कधीच केलं नव्हतं. खोली एवढी शांत झाली की बाहेरच्या कोंबड्यांचं उकरणं ऐकू येत होतं. प्रकाशला समोर बसवलं.

"आज सगळ्या खरं सांगतीन. सहा राह्यलो तं राह्यलो. जमुनासारखं पुन्हा नाई पाह्यजे मले."

पहिलं मी माझी छाती दुखते ते सांगितलं. मग शांतानं थायरॉइड सांगितला, इंदूनं बीपी. नाव घेतलं की जी ती चोरून यंत्राकडं बघायची, जसं ते आता उठून बसेल. प्रकाश मान खाली घालून लिहीत होता.

शेवटी सिंधू. उभी राहिली आणि यंत्राकडं बघू लागली.

"बोल वं माय," मी म्हटलं. "यंत्र बंद हाये."

तिनं प्रकाशकडं पाठ केली, माझा हात धरला आणि पदराआडून डाव्या काखेत ठेवला. बोटाखाली बोराएवढं काहीतरी होतं. टणक. हलत नव्हतं.

प्रकाशनं विचारलं, "ताई, काय लिहू?"

सिंधूनं मलाच विचारलं.

"आजी, तुमी तं सारं वाचता. याचं नाव काय असते?"

मी उठले, भिंतीपाशी गेले आणि यंत्राचं बटण दाबलं.