जेवलेल्या माणसाची धमनी

पोटावर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब टेकवला की समोरचा माणूस खरंच उपाशी आलाय का, हे मला लगेच कळतं. पोटातल्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर करायचा तर रिकाम्या पोटी या, असं आम्ही सगळ्यांना बजावून सांगतो. पण वाटूर-परतूरकडून पहिल्या एसटीनं निघालेल्या माणसाला घरचे लोक चार घास खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि तो इथं येऊन, "पानीसुद्धा घेतलं न्हाई, बाई," म्हणून छातीठोकपणे सांगतो. आतड्याची मोठी धमनी मात्र असं काही सांभाळून घेत नाही. पोट रिकामं असेल तर तिचं काम हंगाम संपलेल्या धान्याच्या मोंढ्यासारखं. ठोका आला की तेवढ्यापुरती धावपळ, मग सामसूम. पडद्यावर एक टोकदार सुळका उमटतो आणि पुढं जवळजवळ सपाट रेघ. जेवण झालं की दोन सुळक्यांमधली ती जागा भरून येते, रक्त वाहायचं थांबतच नाही. मूत्रपिंडाची धमनी जेवा की न जेवा, सारखीच वाहते. जेवून आलेल्या पेशंटला मी झापते आणि दुसऱ्या दिवशी बोलावते. माझी जीभ तिखट आहे, हे जालन्यात पुष्कळांना माहीत आहे.

आई गेली त्यानंतर मी एवढंच करत राहिले. आले, पडदा बघितला, रिपोर्ट सांगितले, घरी गेले. रडले नाही. वाईट वाटत होतं म्हणावं तर तसंही नाही, काहीच वाटत नव्हतं. दुपारचा डबा बऱ्याचदा तसाच परत जायचा.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावात एकटे राहिले. गुरं सोडून यायला तयार नव्हते. शेजारच्या वहिनी दोन्ही वेळचं ताट आणून द्यायच्या. मी रोज फोन करायचे. "जेवलात का?" "जेवलो की." संपलं बोलणं. पोळ्याला मी गावी गेले तेव्हा त्यांचा सदरा खांद्यावरून उतरत होता. रक्त, साखर, छातीचा फोटो, सगळं तपासलं आणि सगळं ठीक निघालं. माझा एक फिजिशियन मित्र म्हणाला, "आतड्याची धमनी अरुंद झाली असेल तर जेवल्यावर पोट दुखतं, मग म्हातारी माणसं खाणं टाळतात आणि सांगत नाहीत. एकदा उपाशीपोटी बघ, मग जेवू घालून बघ. जेवणानंतरही प्रवाह वाढला नाही, तर काळजी करायला हवी."

दादा सकाळी उपाशी आले. मी त्यांना इतर पेशंटसारखं झोपवलं. श्वास घ्या, धरा, सोडा. महाधमनी चांगली. यकृताकडे जाणारी मोठी शीर शांत, श्वासाबरोबर जराशी हलणारी. आतड्याच्या धमनीत रिकाम्या पोटाचा सुळका, जसा हवा तसाच. फक्त ती जिथून निघते तिथं गॅस आडवा येत होता, मूळ नीट दिसेना. घरून आणलेला भाकरी-पिठल्याचा डबा मी त्यांच्या हातात दिला. "मागच्या व्हरांड्यात बसून सगळा खा. तासाभरानं परत बघते."

तासाभरानं पाहिलं तर तोच सुळका, तीच सपाट रेघ. पुन्हा पाहिलं, कोन बदलून पाहिलं. रेषेत काही फरक पडेना.

"दादा, डबा खाल्ला ना सगळा?"

"खाल्ला की. धुऊन बी ठेवला."

खरं तर मला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही. संभाजीनगरला न्यावं लागेल, अँजिओग्राफी, कुणाची वेळ मिळेल, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. दादांना बाहेर बसवून मी पुढचा पेशंट घेतला.

ते आष्टीचे एक किराणा दुकानदार होते, राजस्थानी शेठ, पण चार पिढ्या इथल्याच. "रात्रीपासून बिलकुल काही घेतलं नाही," म्हणाले. मी प्रोब ठेवला आणि त्यांची धमनी दोन्ही काठ भरून वाहत होती.

"शेठजी, भरपेट जेवून आलात."

ते ओशाळून म्हणाले, "काय करणार, डॉक्टरबाई. व्हरांड्यात एक काका बसले होते. आधा-आधा खाऊ म्हणाले. समोरच्याचा घास नाकारावा कसा? मग सगळा डबाच माझ्याकडे सरकवला. स्वतः काही घेतलंच नाही, नुसते बघत बसले."

मी त्यांना झापलं नाही. उद्या या, एवढंच म्हणाले.

दादा व्हरांड्यात धुतलेला डबा मांडीवर घेऊन बसले होते.

"डबा त्या शेठजींनी खाल्ला, दादा."

"भल्या मानसाला भूक लागल्ती."

"आणि घरी? वहिनी आणून देतात ते?"

"गाईला घालतो." ते डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले. "पोट दुखत न्हाई माझं. घासच उतरत न्हाई, माय. तुझी आई समोर बसायची. बोलायची बी न्हाई, नुस्ती बसायची. आता समोर भिंत हाय."

हे मी लहानपणापासून पाहिलेलं. दादांचं जेवण होईपर्यंत आई परातीजवळ बसून असायची आणि नंतर जेवायची. त्याचा मी कधी विचारही केला नव्हता.

मी आत जाऊन माझा डबा आणला आणि त्यांच्या समोर फरशीवर बसले. त्यांना डब्यात वाढलं, मी झाकणात घेतलं. दोघंही काही बोललो नाही. मेथीत मीठ कमी होतं. ते मला कळलं, याचंच मला नवल वाटलं.

तासाभरानं तिसऱ्यांदा प्रोब ठेवला तेव्हा दोन सुळक्यांमधली जागा भरून आली होती. दादा मान वळवून पडद्याकडे बघत होते.

"काय दिसून राह्यलं?"

"तुम्ही जेवलात ते."

"मंग आता समदं बराबर?"

"बराबर."

मी जेल पुसलं. ते उठून बसले, सदऱ्याची बटणं लावायला लागले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन् सांच्याला?"

मी बाहेर जाऊन रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं, उरलेले पेशंट उद्यावर टाक. मग दोन्ही डबे दादांच्या पिशवीत ठेवले आणि गाडीची किल्ली घेतली.