सेलिमियेचे तीन जिने

एदिर्नेच्या माणसाला सेलिमिये मशिदीबद्दल विचारू नये. तो घुमटापासून सुरुवात करतो आणि इस्तंबूलवाल्यांची उणीदुणी काढल्याशिवाय थांबत नाही. सिनान उस्तादानं म्हातारपणी बांधली, आठ खांबांवर एवढा मोठा घुमट तोलला, हे ऐकून ऐकून आमचे कान किटलेत. मुअज्जिन हुलुसी एफेंदी मात्र जिन्यांबद्दल बोलायचा. दाराजवळच्या मिनाराच्या पोटात तीन जिने एकमेकांभोवती वळत वर जातात. तिघं एकदम चढले तरी कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. "म्हाताऱ्याला भावकी चांगली ठाऊक असणार," असं म्हणून तो हसायचा. तेव्हा हसायचे दिवस होते.

त्याचा धाकटा भाऊ नाझिफही तिथंच मुअज्जिन. दोघं मिळून अजान द्यायचे. नाझिफ मधल्या सज्जातून एक ओळ म्हणायचा, हुलुसी सगळ्यात वरच्या सज्जातून तिला उत्तर द्यायचा, मग पुढची ओळ. हुलुसीचा जिना थेट वर जायचा. नाझिफचा प्रत्येक सज्जाशी थांबत थांबत वर पोचायचा.

मग बल्गेरियन फौजेनं शहराला वेढा घातला. हुलुसीला एकच मुलगा, वास्फी. जोडे शिवायचं काम शिकत होता. काकाच्या मांडीवर वाढलेला, काकाचंच ऐकायचा. "जाऊ दे आबी, शहराच्या अब्रूचा प्रश्न आहे," असं नाझिफ थोरल्या भावाला म्हणाला आणि पोरगं तटबंदीवर लढायला गेलं. ते परत आलं नाही. त्या दिवसापासून हुलुसीनं भावाशी बोलणं टाकलं. अंगण एक, विहीर एक, वेढ्यात धान्य संपल्यावर झाडूच्या बिया दळून केलेली कडू भाकरीही एकाच भट्टीतली, पण बोलणं नाही. अजानीत तेवढं नाझिफच्या ओळीला उत्तर देणं भाग होतं. खाली लोक म्हणायचे, काय जोडी आहे. डोंबलाची जोडी!

एके दिवशी, दुपार कलल्यावरच्या अजानीला, मिनाराच्या पायथ्याशी नाझिफनंच तोंड उघडलं.

"आबी, वास्फी शहीद झालाय. किती दिवस असं तोंड फिरवून बसणार? अभिमान बाळग की जरा."

अभिमान! हुलुसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो आपल्या जिन्यानं वर गेला. गावाबाहेर तोफा चालू होत्या. खालून नाझिफनं पहिली ओळ म्हटली आणि तो थांबला. हुलुसीनं ओठ आवळले. नाझिफनं तीच ओळ पुन्हा म्हटली. या खेपेला आवाज कापत होता. बस बोंबलत, म्हणत हुलुसी मागं वळला आणि पायऱ्या उतरू लागला.

अर्ध्यावर आला असेल, तोच भिंतीपलीकडून पावलं ऐकू आली. कुणीतरी धापा टाकत वर चढत होतं.

"आबी! अरे, लागलं का तुला? आबी!"

दगडातून आवाज दबून येत होता, पण आवाज नाझिफचाच. तोफगोळ्याचा तुकडा लागून आपण वर पडलो असं त्याला वाटलंय, हे हुलुसीला कळलं. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. चढू दे, तो मनात म्हणाला. कळू दे, वर जाऊन माणूस सापडला नाही की कसं वाटतं ते. आणि तो उतरत राहिला.

नमाजाला नाझिफ दिसला नाही. रुसला असेल, हुलुसीला वाटलं. पण दिवेलागणीच्या अजानीआधी नाझिफची बायको पेम्बे मशिदीच्या चौकात येऊन उभी राहिली.

"आबी, हे अजून घरी आले नाहीत. चार दिवस छातीत दुखतंय म्हणत होते. आपल्या वाटची भाकर पोरींना देतात, वर आणि जिने चढतात. तुम्ही पाहिलंत का कुठं?"

हुलुसीनं तिच्या हातातला कंदील घेतला आणि तो आयुष्यात पहिल्यांदा भावाच्या जिन्यात शिरला. नाझिफ अगदी वर, शेवटच्या पायऱ्यांवर पालथा पडला होता. एक हात हुलुसीच्या सज्जाच्या उंबऱ्यावर. अंग गार पडलं होतं.

मागून पेम्बे पोचली. तिनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती बराच वेळ गाल चोळत बसली, ऊब येईल म्हणून.

"इथं वर कशाला आले हे? ह्यांची जागा तर खाली."

खोटं बोलता आलं असतं. त्या दोन जिन्यांमध्ये काय झालं ते बघायला दुसरं कुणी नव्हतं. पण हुलुसीला ते पेलेना.

"मला शोधायला आला," तो म्हणाला. "भिंतीपलीकडून हाक मारत होता. मी ऐकली. ओ दिली नाही."

पेम्बेनं मान वर केली.

"ओ द्यायला तुमचं काय जात होतं, आबी?"

हुलुसी खाली वाकला. जिना एका माणसापुरता, त्यामुळे त्यानं भावाला एकट्यानंच पाठीवर घेतलं. पेम्बे कंदील धरून पुढं उतरू लागली. मागं हुलुसी काहीतरी पुटपुटत होता. आधी तिला वाटलं, दुवा म्हणतोय. मग नीट ऐकू आलं. प्रत्येक वळणावर थांबून, पाठीवरच्या भावाकडे मान वळवून, तो 'ओ' म्हणत होता.