फर्स्ट इयरला बसलेले सर

आमच्या कॉलेजच्या लर्निंग सेंटरमधल्या सरांइतका शिकवण्याचा हावरट माणूस बोरिवलीतच काय, पार विरारपर्यंत शोधलात तरी सापडणार नाही. मी या सेंटरची इनचार्ज. ही जबाबदारी मी मागितलेली नाही; एका स्टाफ मीटिंगमध्ये माझा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा ती माझ्या गळ्यात पडलेली होती. तेव्हापासून मी थकलेलीच आहे. सेंटर म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिथे दोन प्रकारची माणसं शिकवायची. एक आमचेच वरच्या वर्गातले हुशार विद्यार्थी, म्हणजे पिअर ट्यूटर, आणि दुसरे बाहेरून आणलेले पगारी ट्यूटर. या दुसऱ्या प्रकारात सर एकटेच. त्यांचा स्वतःचा अकाउंट्सचा क्लास होता, तो बंद पडल्यावर ते आमच्याकडे आले.

सर खोलीत शिरले की शिकवायला सुरुवात, मग समोर कुणीही असो. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी शिडीवरून खाली उतरवून घसारा समजावला होता. "बाबा रे, ही तुझी शिडी दर वर्षी थोडी थोडी झिजते, ते लिहायचं कुठे?" तो माणूस पंखा तसाच टाकून गेला तो परत आलाच नाही. आणि स्वतः उत्तर कधी सांगायचं नाही, हा त्यांचा हट्ट. पोरगं चुकलं की सर हात मागे बांधून खोलीभर येरझाऱ्या घालणार, घामाघूम होणार, पण तोंड उघडणार नाहीत. साहजिकच पोरं पिअर ट्यूटरकडे पळायची. तिथे सिल्विया होती, मनोरीहून बोटीने येणारी आणि तोंडाने तिखट. "सर, उद्या पेपर आहे त्याचा, सांगून टाका ना! वाट लागेल त्याची," असं ती भर खोलीत ओरडायची. "तू सांग गं. तुला घाई आहे, मला नाही," सर म्हणायचे. दोघांचं भांडण मिटवता मिटवता माझा चहा रोज गार व्हायचा.

गेल्या वर्षी एक मुलगी अकाउंट्समध्ये नापास होऊन केटी घेऊन आली, तीही दुसऱ्यांदा. सिल्वियाने तिच्यापुढे जंग जंग पछाडलं आणि शेवटी तिला हाताला धरून सरांच्या टेबलाशी आणून उभं केलं. "सर, माझ्याने नाही होत. हिला काय कळत नाही, तेच मला कळत नाही." सरांना ते एका दुपारीच कळलं. पोरगी शाळेपासून टक्केवारीत अडकली होती आणि लाजेने ते लपवत होती. पण सरांच्या त्या गप्प येरझाऱ्यांची तिने अशी धास्ती घेतली की दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. सिल्वियाने तिला कँटीनमधून उचलून आणलं. मग तेच ठरून गेलं. अडलेलं सरांनी शोधायचं आणि पळालेलीला सिल्वियाने. पोरगी केटीतून सुटली.

त्यानंतर मॅनेजमेंटने ठरवलं की विद्यार्थीच इतकं छान शिकवतात, तर बाहेरचा माणूस कशाला? दोन्ही लागतात हो, असं मी सांगून पाहिलं. त्यांनी माझं ऐकून घेतलं, म्हणजे माना हलवल्या.

सरांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. ते म्हणाले, "मग पगार नका देऊ. शिकवू तर द्या." मी नियम सांगितला की आता ट्यूटर कॉलेजचाच विद्यार्थी हवा. त्यांनी विचारलं, "पिअर ट्यूटर व्हायला काय लागतं, मॅडम?" मी दमलेली होते, बोलून गेले, "इथलं फर्स्ट इयर पास व्हावं लागतं, सर."

जूनमध्ये सर मला ॲडमिशनच्या रांगेत दिसले. बी.कॉम. आधीच झालेलं, म्हणून बी.ए.ला. नियमात वयाचा उल्लेख नाही, हे मीच दोनदा वाचून पाहिलं. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "अहो सर, घरी बसा ना निवांत." ते म्हणाले, "घरी कोण आहे शिकवायला?"

तेव्हापासून ते सेंटरमध्ये येतात, पण विद्यार्थ्याच्या खुर्चीवर बसतात. बाकी सगळं त्यांना येतं. कॉम्प्युटरचा सक्तीचा पेपर मात्र काही केल्या डोक्यात शिरत नाही. सिल्विया शिकवते. "सर, माउस उचलू नका हो, टेबलावरच फिरवा!" सर निमूटपणे फिरवतात. बाण स्क्रीनवर भलतीकडेच जातो. कधी कधी शेजारच्या टेबलावर कुणी अकाउंट्समध्ये अडतं, तेव्हा सरांची मान आपसूक तिकडे वळते आणि मग ते ती परत स्क्रीनकडे वळवतात. मला ते बघवत नाही.

परवा पेपर आहे. आज सिल्विया बोटीची वेळ झाली म्हणून निघून गेली, तरी सर बसूनच राहिले. मी खोली बंद करायला घेतली तेव्हा ते उठले, दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, होईन ना हो मी पास?"

"होणार सर, नक्की होणार," मी म्हटलं. इतक्या पोरांना मी हे सांगत आले, पण इतक्या मनापासून आणि इतकं घाबरत कधीच सांगितलं नव्हतं.