नऊ नंबरचं धड, सतरा नंबरचं नाक

फिटरतात्यांचं अर्धं आयुष्य विमानाच्या पोटाखाली उताणं पडून गेलं. तेव्हा जेट विमानं नवी होती. एकाच खुर्चीचं लढाऊ विमान थोडं लांबवून त्यात पुढे शिकणारा, मागे शिकवणारा अशी सोय केली आणि झालं शिकाऊ जेट. मग त्याला भावंडं झाली. एकाच्या नाकात बंदुका, एकाच्या नाकात कॅमेरे. धडं सगळ्यांची सारखी, नाक तेवढं वेगळं, आणि तेही बोल्ट सोडले की हातात यायचं.

तात्यांकडे नऊ नंबर होतं, साधं शिकाऊ. अकरा वर्षं त्यांनी ते पोटच्या पोरासारखं सांभाळलं. हवाई तळावर रिवाज असा, की दुरुस्तीच्या कागदावर ज्याची सही, त्यानेच पहिल्या उड्डाणाला मागच्या खुर्चीत बसायचं. "सही करताना हात थरथरलाच पाहिजे," मुकादम म्हणायचा. तात्या चौदा वेळा बसले, सहा वेळा ओकले, पण खोटी सही म्हणून कधी केली नाही.

पुढे सगळी विमानं मोडीत गेली. एक तेवढं चौकात खांबावर चढवलं. खाली पाटी लावली, 'क्रमांक सतरा, कॅमेऱ्याचं विमान'. तात्यांनी मान वर करून पाहिलं, तर मागच्या खुर्चीखाली त्यांनीच मारलेलं ठिगळ, एक रिव्हेट तिरका. त्यांचं नऊ नंबर दुसऱ्याच्या नावाने उभं होतं. पाटी बदलावी म्हणून तीन वर्षं त्यांनी कचेरीचे जिने झिजवले.

"काका, नाकावर सतरा दिसतंय," कारकून म्हणे.

"नाक सतराचं. धड नऊचं."

"मग मी कुणाचं ऐकू?"

"तुझी टोपी मी घातली तर मी तू होतो का रे?"

"झालात तर बरंच. साहेबांची बोलणी तुम्ही खाल."

शेवटी वैतागून कारकुनाने जुनी वही काढली. 'सतरा नंबर तपासलं, ठीक आहे.' खाली सही तात्यांची.

तात्यांना सगळं आठवलं. ओढगाडी मागे घेताना नऊचं नाक चेपलं होतं. सतरा दुरुस्तीला उघडं पडलेलं, म्हणून त्याचं नाक दोन दिवसांपुरतं लावलं. नंबर सगळेच नाकावरून वाचायचे. तात्यांनीही तसाच वाचला, तसाच लिहिला. ते दोन दिवस काही संपले नाहीत.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "आज काय म्हणाला?"

"ज्याने चूक लिहिली त्याच्याकडून लिहून आणा म्हणतो."

"मग आणा की. तीन वर्षं त्या मेल्याच्या नावाने बोटं मोडताय. आहे का तो जिवंत?"

"आहे. चहाची वाट बघतोय."

तिने चहाचा कप ठेवला, शेजारी कोरा कागद ठेवला, चष्मा पुसून दिला.

तात्यांनी चार ओळी लिहिल्या. सही करताना हात चांगलाच थरथरला.