दत्ताभाऊंचा प्लॉट लाल का?

स्क्रीनवर दत्ताभाऊंचा प्लॉट लाल दिसत होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बागेत तोडणीची टोळी जाणार होती.

आळे गावाजवळ एका द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाउसमध्ये मी सॉफ्टवेअर सांभाळते. औषध फवारल्यावर ठरावीक दिवस द्राक्षं तोडायची नसतात. म्हणून आमचं ॲप प्रत्येक प्लॉटची शेवटची फवारणी शोधतं. दिवस भरले असतील तर हिरवा, नाहीतर लाल. लाल प्लॉटचा माल कंटेनरमध्ये चढत नाही.

“बाग तयार आहे,” आमचे मालक, म्हणजे शेठ, म्हणाले. “हा कंटेनर चुकला तर माल लोकल बाजारात जाईल. बघ ना, बेटा.”

क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. आमचा प्रश्न साधा होता: या प्लॉटच्या फवारणीची सगळ्यात पुढची तारीख दे. उत्तर आलं पुढच्या आठवड्यातलं. फील्ड ऑफिसर पुढचं वेळापत्रकही त्याच टेबलमध्ये भरून ठेवतात. मी अट घातली: आजपर्यंतच्याच तारखा बघ. प्लॉट तरीही लालच. आता तारीख गेल्या गुरुवारची होती.

मला फोन करायला आवडत नाही. मेसेज टाइप केला, पुसला आणि फोन लावला.

“दत्ताभाऊ, गुरुवारी फवारणी केली होती का?”

“गुरुवारी जत्रा व्हती, ताई. आख्खं गाव बैलगाड्याच्या शर्यतीला. फवारणी काय बैलांनी करायची?”

मागे कोणीतरी हसलं.

“मग शेवटची कधी?”

“त्याच्या लई आधी. साहेबांना फोटो धाडलाय की.”

फील्ड ऑफिसरला विचारलं. “आधीच्या फवारणीचा फोटो आलाय, तिच्यापुढे ‘झाली’ अशी खूणही केलीये,” तो म्हणाला. “गुरुवारची नुसती ठरली होती, झाली नाही. मीपण शर्यतीलाच होतो.”

मी क्वेरी बदलली: ‘झाली’ अशी खूण असलेल्यांमधलीच शेवटची तारीख घे. प्लॉट हिरवा झाला.

“पण कुणी फवारलं आणि कळवलंच नाही तर?” शेठनी विचारलं.

“ठरलेली तारीख उलटली आणि खूण नसली, तर प्लॉट पिवळा होईल. मग फोन करून विचारायचं.”

“कोण करणार फोन?”

“फील्ड ऑफिसर,” मी लगेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊ क्रेट घेऊन आले. जाताना एक घड माझ्या कीबोर्डशेजारी ठेवून गेले. शेवटची तारीख डेटाबेस क्षणात देतो. त्या दिवशी गाव कुठे होतं, हे मात्र गावालाच विचारावं लागतं.