सायीवरची पक्कड

पक्कडकाकांच्या घरच्या दुधावर साय आली, की ती आधी कामाला जायची. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आतडं धरायच्या लांब दांड्याच्या पकडी ते तयार करत आणि प्रत्येक नमुना निवलेल्या दुधावर तपासत. साय न फाटता उचलली, तरच पक्कड पास. पाहुण्याला मग चहा मिळे तो बिनसायीच्या दुधाचा!

"कोकरू धरतो तसं धरायचं बघा," ते म्हणत, "सुटू नाय अन् दुखू नाय." त्यांचे वडील अजिंठ्याकडे मेंढरं राखायचे. काका शिकून इंजिनिअर झाले आणि निवृत्तीनंतर शहरातल्या गारखेडा भागातल्या घरात एकटे उरले. काकू गेलेल्या, मुलगी परदेशात. भोवती इमारती उठल्या, जुने शेजारी पांगले. बोलायला माणूस नाही.

मी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. आमच्या डॉक्टर मॅडमचे हात लहान आणि बाजारातल्या पकडी मोठ्या पंजासाठी बनवलेल्या. मूठ आवळून त्यांचा अंगठा बधिर व्हायचा. असंच चाललं तर ऑपरेशनं सोडावी लागतील, या धास्तीनं त्या मला घेऊन काकांकडे आल्या.

मग दर रविवारी आमची फेरी ठरली. त्या वर्षीच्या दुष्काळात दूधही पाणचट यायचं, साय धरेना. मॅडम ओळखीच्या गोठ्यावरून म्हशीचं दूध आणायच्या. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभे. पकडीच्या मुठीला मेण लावून मॅडमना ती धरायला सांगत आणि ठसा पाहून कानस चालवत. गप्पा मात्र पोटभर.

एका रविवारी पक्कड छान बसली, तरी काका म्हणाले, "अजून जरा घासू द्या." पुढच्या रविवारीही तेच. तेव्हा मॅडम हळूच बोलल्या, "काल अंगठ्यामुळं ऑपरेशन अर्धवट दुसऱ्या डॉक्टरांच्या हाती द्यावं लागलं."

काकांचा चेहरा उतरला. उठून त्यांनी कपाटातून तयार पक्कड काढली.

"झालीच होती, मॅडम. आणखी एकदा याल म्हणून ठेवली. चुकलं माझं."

पक्कड मॅडमच्या मुठीत अलगद बसली. त्यांनी साय उचलली, काकांना वाकून नमस्कार केला आणि डोळे पुसत गाडीकडे गेल्या.

मी चपला घालत होते.

"सिस्टर," मागून काका म्हणाले, "तुमच्या हाताला काय तरास नाय ना?"

माझा हात ठणठणीत होता.

"हाय की, काका," मी म्हणाले. "करंगळीला लई कळ लागते." आणि चपला काढून आत गेले.